चाकं घरी येतात

१

शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस असते. शेवटचा तास संपला की मी खडूचे हात धुते, डबा उचलते आणि दोरखंडाच्या कारखान्यात जाऊन वहिनीबरोबर जेवते. अकरा वर्षं होत आली, हा नेम चुकलेला नाही. तो कारखाना मला डोळ्यांसमोर नको असतो. तरी जाते, कारण ज्या मशीनने माझ्या दादाला खाल्लं त्याच मशीनवर त्याच्या बायकोला उभं केलंय, आणि आठवड्यातून एकदा तरी ती धडधाकट आहे हे मला स्वतः बघायचं असतं.

मालकांच्या भाषेत याला सामावून घेणं म्हणतात. दादा गेल्यावर ते आमच्या दारात उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "हात त्यानेच घातला हो. पण आम्ही माणुसकी सोडलेली नाही. वहिनींना सामावून घेऊ." त्या 'त्यानेच'ने माझं डोकं आजही फिरतं. वर्गात एखादं पोर म्हणालं, "बाई, त्यानेच केलं," की माझा आवाज उगाचच चढतो आणि बिचारं पोर घाबरून खाली बसतं.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब शेड. एका टोकाला सुताची रिळं, दुसऱ्या टोकाला तयार दोराची वेटोळी, आणि मधोमध ती मशीन, हिरव्या रंगाची, छातीएवढ्या उंचीची. तीन पेड एका बाजूने आत जातात आणि पीळ बसून दुसऱ्या बाजूने दोर बाहेर येतो. मशीनच्या कुशीला जाळीचं दार आहे. त्याच्या आत ग्रीसने काळी झालेली पाच चाकं एका ओळीत, दात्यात दाता अडकवून फिरत असतात. हे जाळीचं दार दादा गेल्यानंतर बसलं. आधी तिथे नुसतं भगदाड होतं.

वहिनी जेवायला कँटीनमध्ये जात नाही. मशीनवर नजर ठेवता यावी म्हणून आम्ही शेजारीच दोन खोकी उलटी टाकून बसतो. त्या शनिवारी मी मुख्याध्यापकांच्या नावाने बोटं मोडत होते आणि ती हसत होती. हसता हसता तिचा घास हातातच राहिला. मान किंचित वळली. मशीनच्या घरघरीत मला काही वेगळं जाणवलं नाही. मग कुणीतरी दचकून श्वास आत ओढावा तसा एक आवाज जाळीमागून आला आणि गेला.

"काय होतं ते?"

"काही नाही. येऊन गेलं."

"काय येऊन गेलं?"

"जेव तू, मास्तरीण. गार होतंय."

आवाज येण्याआधीच तिचा हात थांबला होता. जेवताना, बसमध्ये, घरी गेल्यावरही तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

२

फिटरकाका हे कारखान्यातलं सगळ्यात जुनं माणूस. कारण असो नसो, हसतात. दादाला मशीनमधून सोडवणाऱ्यांत तेही होते, त्यामुळे माझ्याशी बोलताना जरा जास्तच हसतात. पुढच्या शनिवारी तेल घालायला त्यांनी मशीन थांबवून जाळी उघडली, तेव्हा मी खडू घेऊन हजर होते.

"चाक कुठेतरी आवाज करतंय, काका. दाते मोजू का?"

"मोजा की. गणिताची बाई दुसरं काय करणार?"

एका दात्याला खडू लावायचा आणि तिथून सुरुवात करायची. मोटरच्या बाजूचं पहिलं चाक एकसष्ट दात्यांचं निघालं. मग सदुसष्ट, एकाहत्तर, त्र्याहत्तर, आणि दोराकडचं शेवटचं एकोणऐंशी. प्रत्येक चाकाच्या एकेका दात्यावर पंच मारून केलेला बारीक खड्डा होता.

"हे काय?"

काका हसले. "खुणा आहेत. दादाला काढायला पाचही चाकं उतरवावी लागली ना. उतरवायच्या आधी, मशीन ज्या जागी अडकली होती त्या जागी खुणा करून घेतल्या, आणि बसवताना परत खुणेला खूण लावून बसवली. चाकं एकमेकांना सरावलेली असतात. जागा बदलली की कुरकुरतात. आमच्याकडे खूण केल्याशिवाय चाक हलवतच नाहीत."

म्हणजे माझ्या भावाला बाहेर काढल्यावर या लोकांनी पहिलं काम काय केलं, तर तो आत असताना मशीन जशी होती तशी, दात्याला दाता, पुन्हा जोडून ठेवली. फेरे मोजणाऱ्या आकड्याची खिडकीही शून्यावर आणली. काकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. मी खडू मुठीत धरला तो मोडला.

"आणि दात्यांचे आकडे असे आडमुठे का?"

"ती जुनी रीत आहे. दोन चाकं एका पाढ्यात बसू द्यायची नाहीत. नाहीतर तोच दाता त्याच दात्याला सारखा भेटतो आणि दोघं एकमेकांना खातात. असे आकडे घेतले की प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो. झीज सगळीकडे सारखी."

"मग पाचही खुणा पुन्हा आपापल्या जागी एकाच वेळी कधी येतात?"

"त्याला आम्ही चाकं घरी येणं म्हणतो. मी तरी पाहिलं नाही बुवा कधी."

बसची वाट बघत मी गुणाकार केला. पाचही मूळ संख्या, आणि त्याही ओळीने येणाऱ्या. एकसष्ट ते एकोणऐंशीच्या दरम्यान सहावी नाही. त्यामुळे पाचही चाकं घरी यायची तर पाचांच्या गुणाकाराएवढे दाते सरकावे लागतात, एकही कमी चालत नाही. तो गुणाकार होतो १,६७,३४,५०,७५९. एकशे सदुसष्ट कोटी चौतीस लाख पन्नास हजार सातशे एकोणसाठ.

देखणा आकडा आहे. इतकी चिडलेली असूनही मला तो आवडला, हे लपवत नाही. एक सोडला तर साठापर्यंतच्या कुठल्याही संख्येने त्याला पूर्ण भाग जात नाही. माझी पोरं वर्षानुवर्षं घोकतात त्यातल्या एकाही पाढ्यात तो भेटायचा नाही. त्याला बरोबर बत्तीस विभाजक आहेत. एक, मग त्या पाच मूळ संख्या, त्यांच्या दहा जोड्या, दहा तिकड्या, पाच चौकड्या, आणि शेवटी तो स्वतः. जोडीच्या गुणाकाराएवढे दाते सरकले की दोन चाकं एकदम घरी येतात, तिकडीला तीन, चौकडीला चार. पाच एकदाच. रात्रपाळी नसल्यामुळे त्याला अकराएक वर्षं लागतात.

हा आकडा करताना मी एक गोष्ट विसरले होते. मशीन पुन्हा सुरू होऊन अकरावं वर्ष चालू होतं.

३

काकांकडून मी खुणांवर पांढरा रंग लावून घेतला आणि मशीनच्या अंगावर प्रत्येक चाकासमोर एक रेघ ओढून घेतली. खूण रेघेसमोर आली की ते चाक घरी. मग मी शनिवारमागून शनिवार जाळीसमोर खोकं टाकून बसले. मालक एकदा येऊन बघून गेले. "बाईंना मशीनचा लळा लागला वाटतं," म्हणाले. मी वर पाहिलं नाही.

दोन खुणा एकदम रेघेवर आल्या की टक् असा आवाज यायचा. मिनिटात दोन-तीनदा. घरघरीत तो इतका मिसळून गेला होता की मुद्दाम कान दिल्याशिवाय कळत नसे. याला कारण सापडलं. पंच मारल्यावर दात्याला बारीक कंगोरा येतो, दोन कंगोरे भिडले की टक् होणारच. मी निर्धास्त झाले, आणि अर्ध्या तासात तो आधार निसटला. पहिलं चाक आणि चौथं चाक एकदम घरी आली तेव्हाही टक् झालं. ती दोन चाकं एकमेकांना शिवतही नाहीत. मध्ये दोन चाकं आहेत.

बरं, हादरा लांबून पोचत असेल, असं मी स्वतःला समजावलं. वर्गात पोरांनी असं कारण दिलं असतं तर मी कान धरला असता.

तीन खुणा जुळल्या की तो श्वास यायचा. दिवसातून पंधराएक वेळा. चाकं कुठलीही तीन असोत, श्वास तोच. घाबरलेल्या माणसाचा, एकदम आत ओढलेला. आणि दर वेळी, खुणा जुळायच्या थोड्या आधी, पाठमोरी उभी असलेली वहिनी हातातलं काम थांबवायची.

चार खुणा जुळायला आठवडा-दीड आठवडा लागतो. माझ्या वाट्याला तो योग पाचव्या का सहाव्या शनिवारी आला. त्र्याहत्तरचं चाक सोडून बाकीची चारही एका क्षणी पांढरी झाली आणि जाळीमागून माणसाचा आवाज आला.

"अगं."

एवढंच. पुढचं तुटलं. मी खोक्यावरून उठले. दादा घरात शिरताना, पाणी मागताना, चष्मा हरवल्यावर वहिनीला अशीच हाक मारायचा. 'गं' जरा लांबवायचा.

वहिनी वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि मला त्याचाच पहिल्यांदा राग आला.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "मला वाटायचं मलाच येतंय."

"किती वर्षं ऐकतेयस?"

"पहिल्यापासून. त्या दिवशी मी पलीकडे रोजंदारीवर रिळं भरत होते. तिथे कानठळ्या बसतात. त्यांनी मला हाक मारली असणार आणि मला ऐकू आलं नाही." तिने जाळीवर तळवा टेकला. "पुढे काय म्हणाले तेवढंच मला ऐकायचंय."

तिचा तळवा जाळीवर होता आणि पलीकडे चार बोटांच्या अंतरावर दाते फिरत होते. मी तिचा हात खेचून बाजूला केला. जरा जोरातच केला. मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले.

४

आकड्याच्या खिडकीत पहिल्या चाकाचे फेरे दिसतात. पाचही चाकं घरी येणार तेव्हा तिथे २,७४,३३,६१९ असणार, इतका सोपा भागाकार. खिडकीत दोन कोटी त्र्याहत्तर लाख तर केव्हाच लागले होते. मी वहिनीला घरी बसवून सगळं कागदावर मांडून दाखवलं.

"तेव्हा पाचही येतील. ज्या जागी तो अडकला होता त्या जागी. त्या दिवशी तू तिथे नसायचं."

"त्या दिवशी तर मी असणारच."

"वहिनी, नोकरी सोड. माझा पगार दोघींना पुरतो."

"पगाराचं कोण बोलतंय?" ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू शिकलेली आहेस म्हणून तुला आकडा दिसतो. मला माणूस ऐकू येतो. एकदा पूर्ण बोलू दे त्यांना. मग मी तू म्हणशील तिथे येईन."

"आणि बोलून झाल्यावर?"

तिने पुढचा कपडा घडीला घेतला. तिची ती शांत मान बघून मी असं काही बोलले की शेजारची बाई दार उघडून बाहेर आली. वहिनी घड्या घालतच राहिली.

मग मी मालकांकडे गेले. वहिनीला दोन दिवस दुसऱ्या कामाला लावा म्हटलं. दोन दिवस नको, एक तास लावा. तेवढा वेळ मशीनवर दुसरं कुणी उभं करा.

"कारण काय सांगू?" मालक म्हणाले.

मी कारण सांगायला तोंड उघडलं आणि ऐकू आलं की ते किती वेड्यासारखं आहे. मालकांनी मला बसायला खुर्ची दिली. पाणी मागवलं. "दुःख असतंच हो," ते म्हणाले. "पण अकरा वर्षं झाली. हात त्यानेच घातला हे आता मान्य करून टाका, हलकं वाटेल."

मी पाण्याचा पेला तसाच ठेवून उठले. नाहीतर तो कुठे गेला असता ते मला माहीत आहे.

५

रागात माझं डोकं फार स्वच्छ चालतं. मालक ऐकत नाहीत, वहिनी ऐकत नाही. राहिला आकडा. आकडा माझ्या हातातला आहे.

फिटरकाकांना मी कोठीत गाठलं. फळीवर जुनी चाकं ठेवली होती. एकेक उतरवून मी दाते मोजले. एक सदुसष्टचं निघालं.

"मधलं एकाहत्तरचं काढा आणि हे बसवा."

"उगाच कशाला? चालतंय ते."

"दोराच्या पिळाला फरक पडेल का?"

"तो नाही पडणार. मधल्या चाकाला दाते किती का असेनात, अलीकडचं ढकलेल तेवढंच पलीकडचं सरकतं. बोल्ट खाचेत सरकवला की लहान चाकही बसतं. पण मालकांना..."

"काका, त्या दिवशी लाल बटण तारेने बांधलेलं होतं. चुकून कुणाचा धक्का लागून मशीन थांबू नये म्हणून. ती तार कुणी बांधली हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही."

काकांचं हसू पहिल्यांदा मावळलं. त्यांनी पान्हा उचलला.

जेवणाच्या सुट्टीत, वहिनी हेड ऑफिसला सही करायला गेली असताना, आम्ही चाक बदललं. बाकीची चार हलू नयेत म्हणून दात्यांत लाकडी पाचरी मारल्या. नवीन चाकावर काकांनी सवयीने पंच मारला, तोही मी म्हटलं तिथे. शेजारच्या जुन्या सदुसष्टच्या खुणेच्या बरोबर एक दाता मागे.

माझं गणित साधं होतं. पाच चाकं पाच वेगवेगळ्या मूळ संख्यांची असतील तर कधी ना कधी सगळी घरी येणारच, त्यांना कोणी अडवू शकत नाही. पण दोन चाकं सारख्याच दात्यांची असली की ती एका चालीने चालतात. एक पाऊल मागेपुढे निघालेली दोन माणसं सारखीच चालत राहिली तर जन्मात एका रेषेत येत नाहीत. एकाची खूण रेघेवर असेल तेव्हा दुसऱ्याची एक दाता बाजूला, आज, उद्या, शंभर वर्षांनीसुद्धा. एकशे सदुसष्ट कोटींचा तो देखणा आकडा मी मोडून टाकला होता. मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी बसमध्ये अनोळखी बाईला जागा दिली आणि वर तिच्याशी गप्पाही मारल्या.

फरक लगेच दिसला. ती दोन चाकं एकदम घरी येणं बंद झाल्यामुळे दहातली एक जोडी गेली, दहातल्या तीन तिकड्या गेल्या, पाचातल्या तीन चौकड्या गेल्या. श्वास कमी झाले. वहिनी कान देऊन उभी राहायची आणि काहीच यायचं नाही.

"कमी झालंय गं," ती म्हणाली. "तू काही केलंस?"

"मी काय करणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं ओळखता येतं, पण बोलून दाखवत नाही. ही तिची जुनी खोड आहे.

६

तो दिवस बुधवार होता. मी शाळेत रजा टाकली. येणार काही नाही याची खात्री होती, तरी वहिनी एकटी नको.

दुपारचं ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरायला लागलं होतं. पलीकडे दोघं जण दोराची वेटोळी बांधत गप्पा मारत होते. वहिनीने नवी साडी नेसली होती. ते बघून मला संताप आला. मेलेल्या माणसासाठी नटून आलीस, असं ओठांवर आलं होतं. खिडकीतले शेवटचे आकडे सहाशेच्या घरात गेले. जाळीमागे पांढरे ठिपके गरगरत होते.

खिडकीत ६१९ लागले. पहिलं चाक घरी, दुसरं घरी, चौथं, पाचवं. मधल्याची खूण रेघेपासून एक दाता बाजूला, मी ठेवली होती तिथेच. टक् झालं. श्वास आला. आणि दादाचा आवाज आला, आधीच्यासारखा लांबून नव्हे, जाळीला तोंड लावून बोलावं तसा.

"अगं, हात."

पुढचं तुटलं. मात्र तुटलेलं कळायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. पडवीची पायरी चढताना, ओझं उचलताना, तो वहिनीला हेच म्हणायचा. हात दे.

वहिनीने एका झटक्यात जाळीची कडी काढली आणि उजवा हात आत घातला.

मी तिच्यावर पडले असंच म्हणायला हवं. एका हाताने तिचं मनगट, दुसऱ्या हाताने तिचा दुसरा हात धरला आणि कोपराने लाल बटण दाबलं. मशीन गुरगुरत थांबली. पलीकडची दोघं धावत आली. वहिनीच्या बोटांना ग्रीस लागलं होतं, बाकी काही नाही. नवी साडी काळी झाली होती.

"एवढंसंच राहिलं होतं," ती म्हणत होती. "एवढंसंच. ते मागत होते आणि तू मला धरलंस."

"धरणारच. शंभरदा धरीन."

"तूच काहीतरी केलंस. त्यांना दारात अडवलंस तू."

मी तिला खोक्यावर बसवलं, तिची बोटं माझ्या पदराने पुसली. मालक लांबून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की या घरातले लोक स्वतःच हात घालतात. मला ओरडावंसं वाटलं, पण दोन्ही हातांत वहिनी होती.

७

घरी आल्यावर माझं गणित मला नीट दिसलं. मी फक्त 'कधीच नाही' एवढंच बघितलं होतं. 'जवळजवळ' किती वेळा, ते मोजलंच नव्हतं.

आधी चार चाकं घरी यायची तेव्हा पाचवं कुठेतरी लांब भटकत असायचं. साठ-सत्तर जागांपैकी कुठेही. म्हणून आवाज लांबून यायचा, म्हणून 'अगं'वर तुटायचा. आता मधलं चाक शेजारच्या सदुसष्टच्या पायाला पाय बांधून चालतं. उरलेल्या दोन चौकड्यांपैकी कुठलीही आली तरी राहिलेलं चाक दर वेळी रेघेपासून एकाच दात्यावर असणार. मी काढून टाकला तो एकाहत्तरचा गुणक, आणि आकडा एकाहत्तर पटीने लहान झाला. अकरा वर्षांतून एकदा येणारा माणूस आता दर दीड-दोन महिन्यांत दोनदा दारापर्यंत येतो, आणि दार काही उघडत नाही. जुनं चाक परत बसवावं म्हटलं तर काकांनी घाबरून ते भंगारात देऊन टाकलंय. मालकांना कळू नये म्हणून. काका आजकाल हसत नाहीत.

वहिनी नोकरी सोडत नाही. जाळीला आता कुलूप आहे, त्याची किल्ली कुणाकडे असते ते मला सांगत नाहीत, आणि कुलपं कशी असतात ते मला माहीत आहे. तेव्हा मी डोक्यात हिशेब ठेवते आणि त्या त्या दिवशी रजा टाकून जाते. शाळेत माझ्याबद्दल काय बोलतात ते मी ऐकत नाही. मी आणि वहिनी जाळीसमोर उभ्या राहतो. मी तिचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरते. चार ठिपके पांढरे होतात.

"अगं, हात."

आणि माझा जीव जळतो. मालकांवर, काकांवर, त्या तारेवर जळतो ते वेगळंच. पण खरं सांगायचं तर आता मला दादाचाच राग येतो. हात दे म्हणतोस. कुणाचा देऊ? अकरा वर्षं जिला मी आठवड्याच्या आठवड्याला डोळ्यांनी मोजून जिवंत ठेवली, तिचा? मी हे त्याला मोठ्याने ऐकवलंसुद्धा. वेटोळी बांधणारे दोघं आमच्याकडे बघायचं आता टाळतात.

मागच्या खेपेला मी बटण दाबलं, मशीन नेमकी तिथेच थांबली, आणि काकांना कुठूनशी किल्ली आणायला सांगून मी जाळी उघडायला लावली. वहिनीला लांब बसवलं होतं. आत सगळं स्तब्ध होतं. मधल्या चाकाची खूण आणि रेघ यांच्यामध्ये एक दाता असायला हवा होता. तो असल्याशिवाय गत्यंतर नाही. सारख्या दात्यांची दोन चाकं आपापसांतलं अंतर बदलू शकत नाहीत, हे मी कुठल्याही फळ्यावर सिद्ध करून देईन. बोल्ट घट्ट होता. दाते झिजलेले नव्हते. काकांनी दोनदा पान्हा लावून पाहिला आणि मागे सरकले.

मी पट्टी लावली. खूण आणि रेघेच्या मध्ये अर्धाच दाता उरला होता.

"किती राहिलंय गं?" वहिनीने खोक्यावरून विचारलं.

मी तिला एक दाता सांगितलं.